शॉप नंबर ४ चा बोर्ड

ए-२०३ वहिनी: नमस्कार. शॉप नं. ४ वर काल रात्री बोर्ड लागला. "डॉ.", खाली "एम.डी.", वेळ संध्याकाळी ६ ते ९. कमिटीला माहीत होतं का? सचिव साहेब रोज त्याच्यासमोरूनच जातात म्हणून विचारते.

सचिव: वहिनी, गाळा नानांचा आहे, कमर्शियल आहे. रविवारी मीटिंगला घेऊ 🙏

ए-२०३ वहिनी: गाळ्याचं नाही, "एम.डी."चं विचारलं.

सी-१०४: बोर्डवर रजिस्ट्रेशन नंबर आहे का?

बी-४०१ नाना: पोरगा किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून शिकून आला आहे. डिग्री एम.डी.च आहे, फ्रेम करून लावली आहे. ज्याला शंका असेल त्याने यावं, चहा पाजतो.

डी-३०२ आबा: नाना, डिग्री खरीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, तिकडे पहिल्याच पदवीला एम.डी. म्हणतात. ते आपल्याकडचं एमबीबीएस झालं. इथला पेशंट एम.डी. वाचतो आणि समजतो, एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं केलेला माणूस बसला आहे.

बी-४०१ नाना: एफएमजीई, म्हणजे परदेशात मेडिकल शिकलेल्यांची इथली परीक्षा, पास आहे तो, पहिल्या फटक्यात. ३०० प्रश्न, १५० बरोबर यावे लागतात. निम्म्याहून जास्त पोरं लटकतात त्यात.

शॉप १ मेडिकल: अभिनंदन नाना. पेढे बाकी आहेत.

सी-१०४: बोर्डवर रजिस्ट्रेशन नंबर आहे का?

डी-३०२ आबा: पास झाला याचा आनंदच आहे. पण त्या परीक्षेने फक्त अर्ज करायची पात्रता येते. पास सर्टिफिकेट घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी, मग मान्यताप्राप्त हॉस्पिटलात १२ महिने इंटर्नशिप, त्यानंतर कायम नोंदणी. तात्पुरत्या नोंदणीवर जे काही करायचं ते त्या हॉस्पिटलच्या आत, सीनियरच्या देखरेखीखाली. संध्याकाळी गाळ्यात बसता येत नाही. फी न घेता तपासलं तरी नाही.

ए-३०३: मंग, जेवण व्हयनं का सगळ्यासनं? आमच्याकडे आज भरीत 😄

ए-२०३ वहिनी: भाऊ, विषय काय, तुम्ही बोलताय काय.

बी-४०१ नाना: "डॉ." लावायला कुठला कायदा आडवा येतो? पीएचडीवाले लावत नाहीत? आपल्याच सोसायटीत फिजिओच्या पाटीवर आहे.

सी-२०१ फिजिओ ताई: काका, मला मध्ये ओढू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही "डॉ." लावू नये असं सरकारी पत्र निघालं होतं, दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. आणि माझ्या पाटीवर खाली "फिजिओथेरपिस्ट" स्पष्ट लिहिलं आहे.

डी-३०२ आबा: पीएचडीवाल्याच्या "डॉ."मुळे कुणी गोळी गिळत नाही. दवाखान्याच्या बोर्डवर तोच शब्द म्हणजे "मी उपचार करायला पात्र आहे" असा दावा. त्यासाठी १९१६ पासून कायदा आहे, इंडियन मेडिकल डिग्रीज अ‍ॅक्ट, कलम ६. खोटी पदवी मिरवली तर पहिल्यांदा दंड २५० रुपयांपर्यंत.

ए-१०२: २५०? आपल्याकडे चुकीच्या पार्किंगला ५०० आहेत 😂

बी-३०४: विषय निघालाच आहे तर सांगतो, पांढरी अ‍ॅक्टिव्हा अजून माझ्याच जागेत.

ए-१०२: ती पाहुण्यांची आहे.

बी-३०४: पाहुणे दिवाळीपासून आहेत का?

सचिव: कृपया विषयाला धरून 🙏

डी-३०२ आबा: २५० वर हसू नका. खरा दणका २०१९ च्या एनएमसी (नॅशनल मेडिकल कमिशन) कायद्याचा, कलम ३४. नोंदवहीत नाव नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेडिकल किंवा फिटनेस सर्टिफिकेटवर सही करणंही त्याच कलमात येतं.

ए-१०२: थांबा. आमच्या पोराच्या कबड्डीच्या फॉर्मवर सोमवारी त्याचीच सही घेतली.

डी-३०२ आबा: तो फॉर्म देऊ नका. नंबर असलेल्या डॉक्टरची सही घ्या.

शॉप १ मेडिकल: आता बोलतोच. त्याच्या दोन चिठ्ठ्या आल्या होत्या, अँटिबायोटिकच्या. खाली नंबर नाही, परत पाठवल्या. शेड्यूल एचची औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दिली तर माझं लायसन्स अडचणीत. नाना, राग मानू नका.

बी-४०१ नाना: राग कसला. कळलं कोण कुणाचं आहे ते.

सी-१०४: म्हणून मघापासून विचारतोय. २००२ च्या आचारसंहितेत आहे, नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, चिठ्ठीवर आणि पावतीवरही छापायचा. बोर्डवर नंबर आहे का?

ए-३०३: आबा, भाची जॉर्जियाला निघाली आहे. तिला पण हेच का?

डी-३०२ आबा: तिला जास्त कडक. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर गेलेल्यांना नवे नियम. नीट आधी पास हवी. कोर्स किमान ५४ महिने, एकाच संस्थेत, इंग्रजीतून. तिथेच १२ महिने इंटर्नशिप, इथे आल्यावर पुन्हा १२ महिने. सगळं मिळून १० वर्षांच्या आत. आणि मुख्य मेख: त्या पदवीवर त्याच देशात, तिथल्या नागरिकासारखं प्रॅक्टिसचं लायसन्स मिळायला हवं. एजंट एवढंच सांगत नाही. फी भरायच्या आधी हे त्याच्याकडून लेखी घ्या. मध्येच कॉलेज बदललं तरी घोळ.

ए-३०३: एजंट तर म्हणतो, लायसन्सचं नंतर बघू.

डी-३०२ आबा: मग तुम्हीही फीचं नंतर बघा.

ए-२०३ वहिनी: नाना, मुलाबद्दल माझं काहीच नाही. हुशार आहे, दिसतो तेव्हा वाकून नमस्कार करतो. बोर्ड तेवढा काढा.

बी-४०१ नाना: उतरवला आत्ता. इंटर्नशिप जूनमध्ये संपते. जुलैत उद्घाटन, सगळ्यांनी यावं. ए-२०३ ने पण.

ए-३०३: शेवभाजी असेल तर नक्की 😋

डी-३०२ आबा: नाना, तारीख आताच काढू नका. आधी इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, मग कौन्सिलकडे कायम नोंदणीचा अर्ज, मग नंबर. बोर्ड पेंटरकडे टाकायचा तो नंबर हातात आल्यावर. आणि एम.डी.पुढे कंसात किर्गिझस्तान लिहा, त्याच आकाराच्या अक्षरात.