तोंडाच्या कॅन्सरच्या रेडिएशनआधी लाल लाइट घेतलाय का कुणी?

कळव्याची लेक
बाबांचं डाव्या गालाच्या आतलं ऑपरेशन झालं, टाके सुकले. सोमवारपासून खारघरला रेडिएशन सुरू, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटेल असं डॉक्टर म्हणाले. वेटिंगमध्ये शेजारचे काका घोटभर पाणी गिळायला भिंत धरून उभे राहिले, ते बघितल्यापासून माझी झोप उडालीय. तिथेच एक बाई म्हणाल्या, तोंडात लाल लाइट मारतात, त्याने फोड कमी येतात. खरं आहे का? बाबांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. आणि जिथे कॅन्सर होता तिथेच लाइट मारला तर तो परत उठणार नाही ना? ठाण्याला गाडी बदलून पनवेल लोकल पकडायची, त्यात आणखी एक फेरी त्यांना झेपायची नाही.

निशिगंध, ऐरोली
ताई, ह्यांना जिभेच्या कडेचा होता. फोड यायची वाट बघू नका, शेक (रेडिएशन) सुरू होतो त्याच आठवड्यात लाइट सुरू करून घ्या. पेनासारखी नळी असते, टोकाला लाल उजेड. ह्यांच्या आणि डॉक्टरांच्या, दोघांच्या डोळ्यांवर गॉगल. ओठांच्या आत, गालाला, जिभेच्या कडेला, जिभेखाली, एकेका जागी काही सेकंद टेकवून धरायचे. चटका नाही, झोंबणं नाही. शेकाच्याच वेळेला जोडून घेतलं, त्यामुळे वेगळी फेरी पडली नाही.

फोड आलेच नाहीत असं नाही. उजवीकडे पांढरा चट्टा पडला, भाकरी सुटली, वरणातली हिरवी मिरचीसुद्धा सहन होईना. पण पेज आणि गार नाचणीची खीर शेवटपर्यंत तोंडाने गेली, नाकातून नळी घालावी लागली नाही. सगळं श्रेय लाइटला देणार नाही, गुळण्याही नेटाने केल्या. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा, दर दोन-तीन तासांनी. अल्कोहोलचं माउथवॉश घरात ठेवूच नका.

दंतवैद्य, नौपाडा
वरच्या ताईंचं बरोबर आहे, हा उपाय मुख्यतः फोड येऊ नयेत म्हणूनच आहे. साधारण 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश (कमी ताकदीचा लेसर) मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागात, शोषला जातो, पेशीला ऊर्जा मिळते, सूज कमी होते. कर्नाटकातल्या संशोधकांनी 2012 मध्ये अशाच रुग्णांवरचा तुलनात्मक अभ्यास छापला, लेसर मिळालेल्यांना तीव्र फोड आणि वेदना कमी होत्या. ब्रिटनमध्ये उपचार तपासून सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने 2018 मध्ये याला मान्यता दिली, 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही डोक्या-मानेच्या रेडिएशनसाठी शिफारस आहे.

कॅन्सर उठण्याची तुमची शंका रास्त आहे. गाठ असलेल्या जागेवर थेट प्रकाश टाकत नाहीत. बाबांची गाठ काढलेली आहे, तरी कुठे द्यायचा आणि कुठे टाळायचा हे रेडिएशनचे डॉक्टर आणि लेसर देणारे यांनी मिळून ठरवायला हवं. ऑनलाइन मिळणारी लाल टॉर्च घेऊन घरी प्रयोग करू नका, डोस चुकला तर उपयोग नाही. दोन बोटं तोंड उघडत असेल तर बारीक नळी आत जाते, पण तोंड उघडण्याचे व्यायाम आजच सुरू करा, शेकाने जबडा आणखी आखडतो. किडलेले दात असतील तर सोमवारच्या आत दाखवाच. शेक झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला की हाड भरून यायला फार त्रास होतो.

कळव्याची लेक
फोन केला. रेडिएशनचे डॉक्टर तयार आहेत, दातांची तपासणी शुक्रवारी आणि लाइट पहिल्या दिवसापासून. टाक्यांच्या जागेचं ते तिथेच ठरवणार आहेत. दोघांचेही मनापासून आभार. निशिगंधताई, खिरीत गूळ चालला का? बाबांना साखरेची आवडत नाही.

निशिगंध, ऐरोली
चालला. वेलची मात्र घालू नका, झोंबते. आणि खीर अगदी पातळ, कपाने पिता येईल अशी करा. चमचा फोडाला लागतो. दात किडू नयेत म्हणून प्यायल्यावर लगेच गुळणी.