एफएमवर मराठी गाण्यांचा कोटा मागावा का?

ऐरोलीकर: मी घरच्या खोलीत मराठी गाणी रेकॉर्ड करते. गायक, बासरीवाला, सगळे कळवा-ठाण्याचेच. गाणं यूट्यूबवर टाकलं की ओळखीचे ऐकतात, पुढे जात नाही. ऑफिसच्या कॅबमध्ये एफएम लागतो, तर गप्पा मराठीत आणि गाणं हिंदी सिनेमाचं. कॅनडा, फ्रान्समध्ये देशी गाण्यांसाठी कायद्याने वाटा राखलाय म्हणे. आपण का मागू नये?

नौपाड्याचे काका: जरूर मागा, पण नीट मागा. मी उभी हयात रेकॉर्डिंगमध्ये काढली, म्हणून जीव तुटतो. कॅनडात 1971 पासून एएम (मीडियम वेव्ह) रेडिओ स्टेशनांवर 30 टक्के कॅनेडियन गाणी सक्तीची झाली, 1999 मध्ये 35 टक्के. स्टेशनवाल्यांनी काय करावं? ती रात्री उशिरा उरकली. मग सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते संध्याकाळी 6 या वेळेतही 35 टक्के, असं नियमात घालावं लागलं. फ्रान्सचा 1994 चा कायदा मला त्याहून आवडतो. 40 टक्के फ्रेंच गाणी आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची. ही निम्म्याची अट नसेल तर आपल्याकडे तीच जुनी भावगीतं फिरतील. मला ती जिवापाड प्रिय आहेत, पण तुमचं गाणं बाहेरच राहील ना!

वाशीचा श्रोता: काका, सक्ती आपण भोगली आहे. 1952 मध्ये केसकर केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री झाले, आकाशवाणीवरचं सिनेसंगीत जवळपास बंद पडलं आणि लोक सिनेमाची गाणी ऐकायला श्रीलंकेचा रेडिओ सिलोन लावू लागले. शेवटी 1957 मध्ये आकाशवाणीलाच सिनेगीतं वाजवणारी विविध भारती आणावी लागली. आज तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

नौपाड्याचे काका: केसकरांनी दार लावलं होतं. कोटा कुणाचं गाणं बंद करत नाही. आणि त्याच काळात, 1955 मध्ये, पुणे आकाशवाणीने गीतरामायण दर आठवड्याला नवं गीत देत वर्षभर चालवलं. माडगूळकर लिहीत, फडके चाल लावत. केंद्राने जागा दिली म्हणून घराघरांत पोचलं.

ऐरोलीकर, एफएमचे परवाने केंद्र सरकार देतं, तेव्हा अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाला करा. टक्केवारीत अडकू नका. दिवसा, दर तासाला एक मराठी गाणं, गेल्या दोन वर्षांत रेकॉर्ड झालेलं, एवढंच लिहा. खाली माझी सही घ्या.