मदत हवी आहे: लिव्हरच्या पेशींवर पीएचडी करायचीय, नेट निघालं पण जेआरएफ हुकली

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब आहे, सांभाळून घ्या.

मी घाटंजी तालुक्यातली (जिल्हा यवतमाळ), एमएस्सी झूऑलॉजी झालंय. यंदा सीएसआयआर नेट (प्राध्यापकी अन् संशोधनासाठीची देशपातळीची परीक्षा) निघालं पण जेआरएफ (पीएचडी करताना दर महिना पैसे देणारी फेलोशिप) थोडक्यात गेली, म्हणजे असिस्टंट प्रोफेसर अन् पीएचडी ॲडमिशनला पात्र, फेलोशिप मात्र नाही. घरी पाच एकर कोरडवाहू, पराटी (कापूस) अन् तूर. बाबा म्हणतात बीएड कर अन् कुठंतरी लाग, "एवढं शिकून उंदराचं कायीज कापाचं हाय काय तुले?"

लिव्हरच का, तर चौथीत मला कावीळ झाली होती. आईने शेजारच्या गावच्या बुवाकडे नेलं, त्याने काड्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात, मग छातीपर्यंत, अन् अख्खी आळी म्हणे कावीळ उतरून राहिली. बारावीत कळलं की ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात अन् माळ आपोआप लांबते. पण मी तर बरी झाले होते ना, मग बरं केलं कोणी? लिव्हरनेच स्वतःला. पुढं एमएस्सीला हिगिन्स-अँडरसनचा १९३१ चा प्रयोग वाचला, रॅटचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं तरी उरलेलं वाढून हप्ता-दीड हप्त्यात जवळपास पहिल्याएवढं होतं, तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

तर, फेलोशिप नसताना पुण्याच्या एनसीसीएसला किंवा हैदराबादच्या सीसीएमबीला (दोन्ही पेशींवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्था) कोणी उभं करेल का, की परत नेट देऊ? सेल कल्चर, म्हणजे डिशमध्ये पेशी वाढवणं, मी फक्त व्हिडिओत पाहिलंय, कॉलेजात पेशी ठेवायचा सीओटू इन्क्युबेटर नव्हता, लॅमिनार (जंतुविरहित हवेचं कपाट) होतं पण त्यात जुन्या उत्तरपत्रिका. अन् पीएचडीनंतर काय, हे सांगणारं इकडं कोणीच नाही. आजी माळकरी आहे, तिला उंदरांचं कसं सांगू तेही सांगा.

प्रतिसाद १ (मूळ वाशीम, सध्या हैदराबाद):
ताई, बीएडचा फॉर्म आधी बाजूला ठेव. तुझे नेटचे मार्क पीएचडी ॲडमिशनला एकच वर्ष चालतात. दुसरं, सरकारी प्रोजेक्टमधल्या जेआरएफच्या जागेला लेक्चरशिपवालं, म्हणजे तुझ्यासारखं फेलोशिपविना नेटपण चालतं, २०२३ पासून ३७,००० महिना अन् वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. फरक एवढाच की प्रोजेक्ट संपला की पैसे संपले, म्हणून इंटरव्ह्यूतच विचारून घे किती वर्षं उरलीत.

कामाचं म्हणशील तर लिव्हरमधून पेशी सुट्या करायला रॅटच्या पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरला रक्त नेणारी शीर) बारीक कॅन्युला (नळी) घालून आधी कॅल्शियम नसलेलं बफर सोडायचं, पेशींनी एकमेकींना धरलेली पकड सुटते, मग कोलॅजिनेज, पेशींमधलं जाळं विरघळवणारं एन्झाइम. नॉर्वेच्या सेग्लेनने सत्तरच्या दशकात ही दोन टप्प्यांची पद्धत नीट बसवली, आम्ही अजून तीच वापरतो. शेवटी लिव्हर भरताच्या वांग्यासारखं लिबलिबीत लागतं हाताला. पण ह्या पेशी डिशमध्ये वाढत नाहीत, काही दिवसांत आपलं काम विसरतात. म्हणून शिकायला हेपजी-टू ही लिव्हरच्या पेशींची जात, ती ट्यूमरमधून आलेली, वाढतच राहते, एनसीसीएसच्या रिपॉझिटरीत (पेशींच्या साठ्यात) मिळते. तिच्यात औषध पचवणारी एन्झाइम्स फार कमी, तिथंच कंपन्यांना खऱ्या पेशी हाताळणारा माणूस लागतो. नवीन औषध लिव्हरला बाधतं का हे बघणं, माझं पोट त्यावरच चालतं.

प्रतिसाद २:
वरच्यांनी गोड बाजू सांगितली. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), तोही बहुतेक परदेशात, अन् प्रोफेसरच्या जागा मोजक्या. मी चाळिशीला टेकले तेव्हा पर्मनंट झाले, तोवर दर दिवाळीला घरी एकच प्रश्न, शिक्षण संपलं का. हे बाबांना आधीच सांगून ठेव. आजीला म्हणावं सुरुवातीला उंदीर नाहीच, नुसत्या पेशी, अन् पुढं प्राणी लागलेच तर एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय कोणी हात लावत नाही. (पेशींना वाढवायच्या द्रवात, मीडियात, वासराच्या गर्भाचं सीरम असतं, तेवढं नको सांगू.)

धागाकर्ती:
दोघांना खूप थँक्यू, ३७,००० ऐकून बाबा पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले. पुण्याची एक ॲड सापडली, त्यात लिहिलंय सेल कल्चरचा एक्सपीरियन्स डिझायरेबल. डिझायरेबल म्हणजे नसला तरी अर्ज चालतो ना?

प्रतिसाद १:
चालतो. आजच भर.