मदत हवी आहे : फ्रँक एटिंग यांच्या संग्रहातल्या पत्रांचे मूळ मालक कसे शोधावेत?

फिलाडेल्फियाचे वकील फ्रँक मार्क्स एटिंग (1833–1890) यांच्यावर लेख लिहितोय. अमेरिकन यादवी युद्धात ते सैन्यात पेमास्टर (सैनिकांचे पगार देणारे अधिकारी) होते, अमेरिकन स्वातंत्र्याच्या 1876 च्या शताब्दीआधी इंडिपेन्डन्स हॉलचा (जिथे स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, त्या इमारतीचा) जीर्णोद्धार त्यांच्याच पुढाकाराने झाला. फार मोलाचं काम!

त्यांचा दस्तऐवज-संग्रह पेनसिल्व्हेनिया हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. ऑनलाइन सूची वाचली. मांडणी सेनानी, शास्त्रज्ञ अशा विषयांनुसार आहे. पत्र कुणाकडून मिळालं, याची नोंद मला सापडली नाही. तिथे जाणं शक्य नाही, स्कॅनसाठी थोडे पैसे देऊ शकतो. जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येतं.

अशा खासगी संग्रहातल्या पत्राचा आधीचा मालक शोधायला आधी काय मागवावं: लिलावांचे जुने कॅटलॉग, की एटिंग यांचा स्वतःचा पत्रव्यवहार?