झाशी राणी पलटण: तुमच्या कानावर आलेल्या आठवणी

९ जुलै १९४३ला सिंगापूरच्या पाडांग मैदानावर नेताजींनी आझाद हिंद सेनेत स्त्रियांच्या पलटणीची हाक दिली. तीनच दिवसांनी डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांनी जमवलेल्या वीस जणींनी साडीवरच जड रायफली पेलून त्यांना मानवंदना दिली. २२ ऑक्टोबरला छावणी सुरू झाली. आपल्या मनात कॅप्टन लक्ष्मी आहेत, पण बाकीच्या? बहुतेक जणी मलायातल्या रबरमळ्यांवरच्या तमिळ मजूर मुली, कित्येकींनी हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता. न पाहिलेल्या देशासाठी मरायला निघालेल्या या मुलींबद्दल घरात, शेजारी, प्रवासात काही ऐकलं असेल तर इथे लिहा. छोटंसं असलं तरी चालेल.

क्वालालंपूरकर
आमच्या शेजारच्या पाट्टी (तमिळमध्ये आजी) या पलटणीत होत्या. आता नाहीत. माझं तमिळ बेताचं, त्यामुळे त्यांची नात मध्ये बसून सांगायची. पाट्टींचा जन्म मळ्यावरच्या चाळीतला. पहाटे अंधारात रबराच्या झाडांना चिरा पाडायच्या, मग चीक गोळा करायचा. जपानी आले आणि त्यांच्या काकांना सयाम-बर्मा रेल्वेच्या कामावर नेलं, ते परतले नाहीत. पुढे पाट्टी रंगूनला निघाल्या त्या त्याच लोहमार्गाने. रात्रभर त्या रुळांकडे बघत बसल्या होत्या म्हणे. हे सांगताना त्या प्रत्येक वेळी थांबत, आणि आम्ही कुणी पुढचं विचारत नसू.
छावणीबद्दल मात्र भरभरून बोलायच्या. रायफल, संगीन, रात्रीची कूच, रोमन लिपीतून हिंदुस्तानीचे धडे. "मळ्यात साहेब आला की मान खाली. छावणीत पहिल्या दिवशी सांगितलं, मान वर," हे त्या स्वतः तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत.

मीनाक्षी_सिंगापूर
एस्प्लनेडच्या बागेत आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा आहे. मूळ स्मारक १९४५मध्ये ब्रिटिशांनी परत येताच उडवून दिलं, आता तिथे १९९५ची खूणशिळा आहे. मुलीला मुद्दाम घेऊन गेले. शाळेत झाशीच्या राणीचा धडा तिला पाठ होता, पण तिच्या नावाची पलटण आपण राहतो त्याच शहरात उभी राहिली, हे ऐकून ती थक्क झाली.

गंगाकाठ
माझं बालपण कानपूरला गेलं. आई आम्हाला आर्यनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. त्याच कॅप्टन लक्ष्मी सहगल, हे बऱ्याच उशिरा कळलं. बायांची रांग लागलेली असे, पैसे नसतील तिला कुणी परत पाठवत नसे. २००२मध्ये त्या राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा आई म्हणाली, "आपल्या डॉक्टरीणबाई!" तिला बाकी राजकारणाशी देणंघेणं नव्हतं.

सदाशिव
फार सुंदर धागा. एक विचारायचं होतं, या स्त्रिया प्रत्यक्ष लढल्या का?

धागाकर्ती
सदाशिवदादा, आघाडीवर जायची संधी त्यांना मिळाली नाही. १९४४मध्ये एक तुकडी ब्रह्मदेशातल्या मेम्योपर्यंत पोचली, पण इंफाळची मोहीम फसली आणि त्यांच्या वाट्याला जखमींची शुश्रूषा आली. पण म्हणून त्यांना 'नुसत्या परिचारिका' म्हणणं मला पटत नाही. शिक्षण सैनिकाचं होतं आणि मरण समोर होतं. माघारीत रंगूनहून निघालेल्या आगगाडीवर गनिमांचा हल्ला झाला, त्यात स्टेला आणि जोसेफिन या दोघी गेल्या. एप्रिल १९४५मध्ये शेवटची तुकडी विमानांचा मारा चुकवत, रात्रीची चालत बँकॉककडे निघाली. मुली सुरक्षित निघाल्याशिवाय नेताजींनी रंगून सोडलं नाही, आणि वाटेत तेही त्यांच्याबरोबर चालले. पलटणीतल्या जानकी तेवर त्या वाटचालीत होत्या, जेमतेम वीस वर्षांच्या. पुढच्याच वर्षी मलायन इंडियन काँग्रेस या तिथल्या भारतीयांच्या पक्षाच्या उभारणीत त्या होत्या.

क्वालालंपूरकर, पाट्टी आगगाडीने परतल्या की पायी? नातीला विचारून इथे लिहाल का?