आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा तर सगळ्या घराने मिळून, की ज्याचं त्याने?

कुळागर:
आमचे आजोबा 1936 साली गोव्यात डिचोली तालुक्यात जन्मले, म्हणजे 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला त्याच्या आधी, पोर्तुगीज अमलात. त्यांचा जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात चढला, मग लग्न चढलं, की पोर्तुगीज नागरिकत्वासाठी बाबा, दोन काका, आत्या आणि आम्ही नऊ नातवंडं अशा तेरा जणांची वाट मोकळी होते. चतुर्थीला सगळे जमलो तेव्हा यावरून घरात जोरात वाजलं.

माझं म्हणणं, करायचं तर एकत्र करा. सगळ्यांचा मूळ कागद एकच आहे. तो काढायला मला चार खेपा पडल्या. जुन्या नोंदीत आमचं ‘नाईक’ पोर्तुगीज वळणाने लिहिलंय, शेवटी ‘क्यू-यू-ई’. आधारवर साधा ‘के’. शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख दोन महिने पुढची. एका चुलतभावाने नाव एका पद्धतीने दुरुस्त केलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या, तर लिस्बनच्या कागदांवर आमचे आजोबा दोन माणसं होतील. शिवाय वकील, भाषांतर, शिक्के यांचा खर्च प्रत्येकाने वेगळा कशाला करायचा?

आग्वादचा नातू:
खर्चाचं सोडा. माझे आजोबा आग्वादच्या तुरुंगात होते. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर ज्या राजवटीने गोळ्या घातल्या, तिच्या दप्तरात आता आपण रांग लावून नाव घालायचं? भारत सरकारच्या 1962 च्या नागरिकत्व आदेशात गोव्यातल्या लोकांना महिन्याची मुदत होती. जुनं पोर्तुगीज नागरिकत्व ठेवायचं असेल त्यांनी तसं लिहून द्यायचं होतं. तुमच्या आजोबांनी दिलं नाही. त्यांनी तेव्हाच निवड केली, ती नातवंडांनी का उलटवावी?

शापोरा:
दादा, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण ती राजवट एप्रिल 1974 मध्ये पोर्तुगालच्याच लोकांनी उलथवली, आणि त्याच वर्षी 31 डिसेंबरला नव्या सरकारने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. आजचा पोर्तुगाल म्हणजे तेव्हाचा हुकूमशहा सालाझार नव्हे. मडगावशी नातं असलेले आंतोनियो कोश्ता 2015 पासून तिथले पंतप्रधान होते आणि 2017 साली त्यांनी भारताचं ओसीआय कार्डही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) घेतलं. माझी बहीण लिस्बनला नर्स आहे. तिने कोणाशी गद्दारी केली असं मला कधीच वाटलं नाही, वाटणारही नाही.

स्विंडनहून:
मी 2013 ला याच वाटेने इंग्लंडला आलो. पहिली गोष्ट, ती वाट आता बंद आहे. ब्रिटनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर मुक्तपणे राहण्याचा हक्क 31 डिसेंबर 2020 ला संपला. एजंट अजून ‘यूके’ म्हणत असेल तर उठून या. उरलेल्या युरोपात राहता येतं, पण तिथली भाषा शिकावी लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि म्हणूनच मी ‘सगळ्यांनी एकत्र’च्या विरोधात आहे. पोर्तुगाल दोन पासपोर्ट चालवून घेतो, भारत घेत नाही. नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सरळ आहे: स्वतःहून परदेशी नागरिक झालात की भारतीय राहत नाही. मग ओसीआय घ्यायचं. त्यावर मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारशाने मिळते, बक्षीसपत्राने नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. धाकट्या भावाला पैशांची नड होती, त्याला माडांच्या बागेतला वाटा विकायचा होता. आम्ही तिघे भाऊ घ्यायला तयार होतो, पण तिघेही ओसीआय. शेवटी वाटा बाहेरच्याला गेला. आता आमच्या विहिरीवर पाणी भरायला परका माणूस येतो. घरातला एक तरी भाऊ भारतीय राहिला असता तर बाग घरात राहिली असती.

मधली सून:
इतका वेळ सगळे आजोबांच्या कागदाबद्दल बोलताय. आजोबांना कोणी विचारलं का? आमच्याकडे सासऱ्यांची सही अर्जावर घेतली तेव्हा ते जेवायला बसत होते. कशावर सही केली हे त्यांना वर्षभराने कळलं. नुसती लिस्बनला जन्मनोंद झाली म्हणजे भारतीय नागरिकत्व गेलं की नाही, यावर गोव्यात कोर्टापर्यंत वाद गेलेत. नव्वदीकडे आलेल्या माणसाला नातवंडांच्या सोयीसाठी त्या घोळात ओढायचं असेल, तर निदान त्याच्यासमोर बसून, त्याच्या भाषेत सांगा.

कुळागर:
वहिनी, तुमचं वाचून रविवारी आजोबांजवळ जाऊन बसलो. दाखला वाचून दाखवला. आपल्या वडिलांचं नाव ऐकून त्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले. मग एकच विचारलं, “पंचायतीला मत घालायला मिळेल ना रे?” मी हो म्हणू शकलो नाही.

स्विंडनच्या भावाचं बागेबद्दलचं म्हणणं बाबांना पटलं. माझं एकत्र जाण्याचं मत मी मागे घेतो. आता असं ठरतंय की आधी कुळागराची, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेची, वाटणी रीतसर करून घ्यायची. धाकटे काका आणि त्यांची दोन मुलं भारतीयच राहणार, कुळागर त्यांच्याकडे. बाकीच्यांचं ज्याचं त्याने ठरवायचं. पण आजोबांच्या जन्माची नोंद हीच पहिली पायरी, त्यामुळे त्यांचा मतदानाचा हक्क जाणार की राहणार हे वकिलाकडून लेखी घेतल्याशिवाय त्यांची सही कोणी घ्यायची नाही.

थोरल्या चुलतभावाला एवढं थांबायचं नाहीये. येत्या महिन्यात तो एकटाच वकिलाकडे चाललाय. निदान आडनाव ‘क्यू-यू-ई’नेच लिही, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. दाखला मात्र पुन्हा आजोबांच्या ट्रंकेत ठेवलाय आणि किल्ली त्यांच्याकडे आहे.