मदत हवी आहे: मधल्या फळीतल्या पात्रांना ज्ञानकोशात किती जागा द्यावी?

नमस्कार मंडळी,

एका मुक्त ज्ञानकोशासाठी मी काल्पनिक पात्रांवर लेख लिहिते. सध्या एक लांबलचक रहस्यकथामाला हातात आहे. नायकाला स्वतंत्र लेख आहेच, एका प्रसंगापुरते येणारे हवालदार-नोकर यादीत जातील. घोडं अडलंय ते मधल्या फळीपाशी.

आधी मी साधा हिशोब धरला होता: जो जास्त वेळा दिसतो तो मोठा. तो आयरीन अ‍ॅडलरपाशीच कोलमडला. शेरलॉक होम्सच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्यांपैकी ती प्रत्यक्ष वावरते एकाच कथेत, १८९१ सालच्या. तरीही पुढच्या लेखकांनी, पटकथाकारांनी आणि समीक्षकांनी तिला सोडलेलं नाही. घरमालकीण हडसनबाई कितीतरी कथांत ये-जा करतात, पण मूळ कथांतून त्यांच्याबद्दल हाताला फारसं काही लागत नाही.

आप्पासाहेब बेलवलकरांचा पेच वेगळा. त्यांच्या थोरवीबद्दल वाद नाही, पण त्यांची कहाणी म्हणजेच 'नटसम्राट'चं कथानक, आणि ते नाटकाच्या लेखात आहेच. तरी त्यांना स्वतंत्र लेख हवा असं मला मनापासून वाटतं. कथानक दोन ओळींत आटपावं आणि १९७० मधल्या डॉ. लागूंपासून २०१६ च्या चित्रपटातल्या नाना पाटेकरांपर्यंत ही भूमिका कोणी कशी पेलली ते लिहावं.

आता माझी खरी अडचण. या मालेत नायकाची थोरली बहीण आहे. नऊ पुस्तकांत येते, वाचकांची लाडकी आहे (माझीही). तिच्यावर मी मोठा लेख लिहिला: बालपण, शिक्षण, भावाशी झालेलं भांडण, मृत्यू. दुसऱ्या एका संपादकांनी चर्चा पानावर सुचवलं की हा लेख पात्रांच्या यादीत विलीन करावा, कारण सगळा मजकूर मूळ पुस्तकांतूनच घेतलाय. वाईट वाटलं, पण लेख पुन्हा वाचल्यावर त्यांचं म्हणणं पटलं. मी एखाद्या खऱ्या बाईचं चरित्र लिहून बसले होते. होम्सचंच बघा ना. कथेत तो धबधब्यात पडून मेला असं सगळे धरून चालतात १८९१ मध्ये आणि तो परततो १८९४ मध्ये. त्याचा लेखक डॉयल याने मात्र त्याला मारलं १८९३ मध्ये आणि कथेतून परत आणलं १९०३ मध्ये. ज्ञानकोशाला आधी हवीत ती ही दुसरी सालं, आणि माझ्या लेखात तसलं एकही साल नव्हतं.

त्यानंतर बाहेरचे संदर्भ शोधले. दोन परीक्षणं मिळाली, दोन्हींत तिच्यावर एकेक परिच्छेद. एकात लेखकाने तिला का मारलं असावं याची चांगली चर्चा आहे. एवढ्यावर स्वतंत्र लेख उभा राहतो का? की यादीतच तिला दोन-तीन भरीव परिच्छेद द्यावेत आणि तिच्या नावाचं पान तिकडे पुनर्निर्देशित करावं? माझा कल आता या दुसऱ्या पर्यायाकडे झुकतोय, पण मग त्याच यादीत बाकीच्यांना दोन-दोन ओळी आणि हिला अर्धं पान, हे चालतं का? यादीतल्या नोंदींची लांबी तुम्ही कशी ठरवता?

आणखी एक. खुनी कोण हे त्या पात्राच्या नोंदीत पहिल्याच ओळीत लिहावं का? माझ्या मते लपवू नये, पण कथानकाच्या भागात लिहावं.

ज्यांनी अशा याद्या सांभाळल्या आहेत त्यांनी कृपया सांगा. विलीनीकरणावर मला या आठवड्यात उत्तर द्यायचं आहे.